बेचाळिसावा फॉर्म

मी माहिती प्रणाली या विषयाची पदवी घेते आहे, हे आमच्या माळेवाडीत तीन वर्षं कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. ‘माहिती’ एवढा शब्द कानावर पडला की पुढचं लोक स्वतःच जोडायचे. सुट्टीत घरी गेले की अंगणात दोन-तीन जण कोरे कागद घेऊन हजर. “ऋतुजा, तू माहिती अधिकाराचं शिकतीस न्हवं? मग पाणंदीच्या रस्त्याचं काय झालं, एवढा अर्ज लिहून दे.” पहिल्या वर्षी मी समजावून सांगायचे. दुसऱ्या वर्षी चिडायचे. तिसऱ्या वर्षी मुकाट्यानं अर्ज लिहून द्यायला लागले आणि त्यातल्या दोघांना उत्तरंही आली. गावात माझा भाव एकदम वधारला.

माझी आई मात्र कधी गोंधळली नाही. ती गावाबाहेरच्या मुलींच्या निवासी शाळेत मुख्य स्वयंपाकीण. एकशे ऐंशी मुली दोन वेळा तिच्या हातचं जेवतात आणि तिला मालनमावशी म्हणतात. कुणी विचारलं की ती सांगायची, “माझी पोरगी मशिनीला मानसाचं बोलनं समजावून सांगायचं शिकती.” आमचे हणबर सर हे ऐकून म्हणाले होते, की पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानापेक्षा ही व्याख्या बरी आहे.

हणबर सर आमचे विभागप्रमुख, आणि खरं तर सबंध विभागच. आमच्या वर्गात नऊ जण. एके काळी या विषयाला रांगा लागायच्या म्हणे, कारण तेव्हा माणसं बसून प्रोग्रॅम लिहायची. आता यंत्राला गरज सांगितली की चहा निवायच्या आत ते सगळी प्रणाली उभी करून देतं. मग पदवी कशाला, असं सगळे विचारायचे आणि विद्यापीठही विचारू लागलं होतं. सरांचं उत्तर ठरलेलं. “यंत्राला गरज सांगायची कुणी? ज्याची गरज असते त्याला ती धड सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येते त्याची ती नसते. या दोघांच्या मध्ये जो उभा राहतो, तो आपण.”

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक नियम लिहिला होता. ज्याचा फॉर्म, त्यालाच विचारा. आम्ही तो वहीत उतरवून घेतला आणि लहान मुलांचा धडा म्हणून विसरून गेलो.

शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प होता ‘कानू’वर. भोजन मंडळानं जिल्ह्यातल्या बेचाळीस निवासी शाळांच्या स्वयंपाकघरांत भिंतीवर एकेक यंत्र लावलं होतं. दिसायला पुरणयंत्राच्या झाकणाएवढं, गोल. त्याला अधिकृत नाव काहीतरी लांबलचक होतं, पण ते सारखं ऐकत राहतं म्हणून स्वयंपाकिणींनी त्याचं नाव कानू पाडलं आणि तेच चालू राहिलं.

कानूची गंमत अशी, की त्याला ना वजनकाटा लागतो ना नोंदवही. पोतं फरशीवरून ओढलं की जो आवाज येतो, त्यावरून ते किती भरलेलं आहे हे त्याला कळतं. कोठीतलं माप तांदळात बुडालं की एक आवाज, तळाला घासलं की दुसरा. अशा हजारो आवाजांवरून तो अंदाज बांधतो, की धान्य किती उरलंय. जोडीला तो माणसांचं बोलणं ऐकतो. दोन्ही मिळून ठरतं, की पुढच्या शनिवारी कोणत्या शाळेत किती पोती पाठवायची. स्वयंपाकघरात बायका घरचं-दारचं बोलणार, ते कुणी साठवून ठेवू नये म्हणून आवाज त्याच क्षणी पुसला जातो. मागे राहतो तो फक्त त्याला समजलेला अर्थ.

अडचण होती ती या अर्थाचीच. सुरुवातीला एका शाळेत वाढपी बाईनं “भात वाढला” म्हटलं, तर कानूनं साठा वाढल्याची नोंद केली. मंडळाला स्वयंपाकघराची भाषा समजणारं कुणीतरी हवं होतं, आणि सरांनी माझं नाव सुचवलं. मी सहा महिने शाळा पालथ्या घातल्या. प्रत्येक मुख्य स्वयंपाकिणीला चोवीस प्रश्न विचारून एकेक फॉर्म भरला. धान्य आलं तर काय म्हणता, सांडलं तर काय, कीड लागली तर काय, संपलं तर काय. त्यातून बोलकोश तयार केला. त्यातल्या एका नियमाचा मला फार अभिमान होता. शिजलेलं अन्न वाढलं, म्हणजे ताटात गेलं. कच्चं धान्य वाढलं, म्हणजे साठा वाढला. भात आणि तांदूळ हे दोन शब्द आपल्या भाषेनं वेगळे ठेवलेत, त्यांचाच मी यंत्रासाठी उपयोग करून घेतला. मंडळाच्या केळुसकर मॅडमनी पुण्याहून फोन करून माझं कौतुक केलं.

दुसरा नियम मी हट्टानं घालायला लावला. कानूचा अंदाज आणि बाईचं बोलणं यांत फरक पडला, तर बाईचं बोलणं खरं धरायचं. यंत्रानं माणसाला खोटं पाडता कामा नये, असं मी मोठ्या आवाजात सांगितलं होतं.

एक्केचाळीस फॉर्म मी समोर बसून भरले. बेचाळिसावा आईचा होता. तो मी कॉलेजच्या कँटीनमध्ये, वडापाव खात, पाच मिनिटांत भरला. आईला काय विचारायचं? तिचं सगळं मला पाठच होतं.

मार्चमध्ये प्रकल्प राज्य पातळीवरच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. सरांनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली, म्हणजे गोष्ट गंभीर होती. “पहिलं बक्षीस मिळालं तर विद्यापीठ आपला विभाग आणखी तीन वर्षं चालू ठेवेल, असं कुलसचिवांनी तोंडी सांगितलंय,” ते म्हणाले. “आणि मंडळ तुला नोकरी देईल, ते वेगळंच.” मी घरी फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. इथं जरा तांदळाची वढाताण हाय, पोती कमी येत्यात, पण तू तुझं बघ.” मी माझं बघितलं.

पुढच्या सोमवारी शाळेच्या दारात मंडळाची गाडी आली. रिकामी. ड्रायव्हरकडे आदेश होता, की या शाळेत अकरा पोती तांदूळ जादा झालाय, तो परत घेऊन यायचा. कोठी उघडली, तर आत अर्धं पोतं. कानूच्या नोंदीत अकरा पोती होती, आणि ती कुठं गेली याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. संध्याकाळच्या आत आईला चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं.

प्रकल्प माझा असल्यामुळे नोंदी मला बघता येत होत्या. मी त्या उघडल्या. चार आठवड्यांत चार वेळा नोंद होती, ‘तांदळाचा साठा वाढला. सांगणाऱ्या, मालन कोळेकर.’ चौथ्या नोंदीपुढे ‘तातडीचे’ असंही होतं. म्हणजे आईनंच सांगितलं होतं. मी तिला फोन लावला.

“आई, तांदूळ वाढले असं तू कानूला सांगितलंस?”

“सांगिटलं की. चार येळा सांगिटलं.”

“स्वतःच्या तोंडानं?”

“मग काय शेजारनीच्या? हेडबाईंनाबी सांगिटलं. त्या म्हनल्या, आता कागद चालत न्हाई, कानूलाच सांगा.”

“अगं, मग ते तांदूळ गेले कुठं?”

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, “गेलं कुठं म्हंजे? पोरींच्या पोटात गेलं. ऋतू, तूबी मला हेच इचारतीस?” आणि तिनं फोन ठेवला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी अर्धा तास मी माझ्या आईवर संशय घेतला. कुणा नातेवाइकाला दिले असतील, लग्नकार्याला उसने दिले असतील, असलं काहीबाही मनात आलं. यंत्र चुकणार नाही, कारण बोलकोश माझा होता. त्या अर्ध्या तासाची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं घरी गेले. आई परसात भांडी घासत होती. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. मी आत जाऊन चुलीपाशी बसले. थोड्या वेळानं ती आत आली, आमटीला फोडणी दिली, मिठाचा डबा उघडला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “मीठ वाढलंय. दुकानातनं पुडा आण जा.”

मी उठले, चप्पल घातली, उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

“आई, काय म्हणालीस?”

“मीठ आण म्हनलं.”

“त्याच्या आधी.”

“मीठ वाढलंय.”

“वाढलंय म्हणजे काय?”

तिनं वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू शिकून शिकून पोरीचं डोकं फिरलंय. तिनं डबा माझ्यापुढे उपडा धरला. एक खडा पडला. “वाढलंय म्हंजे वाढलंय. डोळं न्हाईत व्हय?”

“मग संपलं म्हण ना.”

“भरल्या घरात मिठाला, तांदळाला तसं म्हनत्यात व्हय? इथं न्हाई म्हनत तर तिथं कोठीत कशी म्हनंन? तिथं तर एकशे ऐंशी लेकरं जेवत्यात.”

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. हे मी जन्मापासून ऐकत आले होते. बांगडी फुटली असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलं नाही, बांगडी वाढवली. दिवा वाढवला, दुकान वाढवलं, तांदूळ वाढले. जे होऊ नये असं वाटतं, त्याचं नाव घ्यायचं नाही, उलट बोलून त्याला निरोप द्यायचा. इतकं ओळखीचं, की तो एक शब्द आहे हेच मला दिसलं नव्हतं. आई चार आठवडे ओरडून सांगत होती, की कोठी रिकामी आहे. कानू चार आठवडे ऐकत होता, की कोठी भरून वाहते आहे. आणि बाईचं बोलणं खरं धरायचं, हा नियम माझा होता.

बाकीच्या एक्केचाळीस जणींना मी हाच प्रश्न विचारला होता, पण हातात फॉर्म आणि समोर कॉलेजची मुलगी बघून त्यांनी पुस्तकी उत्तर दिलं होतं, “संपले म्हणतो.” आईनं तसं उत्तर दिलं नसतं. माझ्यापुढे ती कधीच पुस्तकी बोलत नाही. त्या एका फॉर्ममध्ये खरं उत्तर आलं असतं, आणि नेमका तोच मी तिला विचारून भरला नव्हता.

मी आईला सगळं सांगितलं, कँटीनच्या वडापावसकट. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आधी मीठ आण.”

सरांना सांगणं जास्त जड गेलं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, परत लावला. “पर्याय आहेत,” ते म्हणाले. “नोंदीत घोटाळा झाला, एवढंच सांगितलंस तरी आई सुटेल. बोलकोशात एक ओळ गुपचूप वाढवायची. फॉर्मचं कुणाला कळणार नाही.”

“तुम्हाला कळलंय, सर.”

“हो, ते झालंच.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “बक्षीस जाईल, ऋतुजा. विभागाचंही अवघड होईल. मी तुला सांगणार नाही काय करायचं. तुझा फॉर्म मी कसा भरू?”

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षक म्हणून केळुसकर मॅडमच आल्या होत्या आणि आईची चौकशीही त्यांच्याकडेच होती. आईलाही बोलवावं अशी मी विनंती केली. ती इस्त्रीची साडी नेसून शेवटच्या बाकावर बसली होती, हातात पर्स घट्ट धरून. मी आधी कानूच्या अंदाजांचा आलेख दाखवला. त्या चारही दिवशी माप तळाला घासल्याचा आवाज त्यानं ओळखला होता. ‘कोठी रिकामी’ असा अंदाजही बांधला होता, आणि बाईच्या शब्दाखातर तो बाजूला ठेवला होता. मग मी आणखी अकरा शाळांची नावं वाचली. तिथंही बोलणं आणि अंदाज असेच उलटे पडत होते, आणि तिथल्या बायकाही जुन्या वळणाच्या होत्या. त्यांचा तांदूळ हळूहळू कमी होत चालला होता, एवढंच.

“पण त्या स्वतःच वाढले म्हणतात, त्याचं काय?” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, तुमचं माहेर कुठलं?”

“मालवण. का?”

“तुमच्या आईच्या हातातली बांगडी फुटली, तर घरात काय म्हणायचे?”

“वाढव...” एवढं बोलून मॅडम थांबल्या. त्यांनी शेवटच्या बाकाकडे बघितलं. आईनं हळूच मान हलवली. मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं.

तिथं थांबले असते तरी चाललं असतं. आई सुटलीच होती. पण मी पिशवीतून बेचाळिसावा फॉर्म काढला. “हा माझ्या आईचा आहे. ‘संपलं तर काय म्हणता’ याचं उत्तर मी लिहिलंय, तिनं दिलेलं नाही. चोवीसही उत्तरं माझीच आहेत. खाली तिची सहीसुद्धा नाही, मी नाव टाकलंय. चूक कानूची नाही आणि आईची तर नाहीच.”

मॅडमनी फॉर्म वाचला. “न विचारता भरलेला फॉर्म असलेला प्रकल्प मला प्रदर्शनात पाठवता येणार नाही,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण सूटही नव्हती. “गुणही कापावे लागतील.”

“हो, मॅडम.”

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं होतं सरांचा चेहरा पडला असेल. ते ताठ बसले होते, आणि नऊजणांच्या वर्गाचा मास्तर असा छाती काढून बसलेला मी पहिल्यांदाच बघत होते. बाहेर आल्यावर आई त्यांना म्हणाली, “पोरीचं लई नुकसान झालं न्हवं, सर?” सर म्हणाले, “मालनताई, बत्तीस वर्षं मी शिकवतोय. आज पहिल्यांदा वाटलं की शिकवलं.” आईनं पदर डोळ्याला लावला. मला दोघांचाही इतका अभिमान वाटला, की मी उगाच पाणी प्यायला निघून गेले.

मला पहिला वर्ग मिळाला नाही. दुसरा मिळाला. आई आठवड्याच्या आत कामावर परतली. शाळेच्या फाटकापासून कोठीपर्यंत मुलींनी तिचे हात धरून तिला नेलं, आणि त्या दिवशीचा भात थोडा लागला होता तरी कुणी तक्रार केली नाही. विभागाचं काय होणार हे अजून ठरलेलं नाही. पण प्रदर्शनाची ढाल ठेवायला सरांनी एक काचेचं कपाट करून घेतलं होतं, त्यात आता माझा बेचाळिसावा फॉर्म ठेवलाय. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते पहिल्या दिवशी तिथंच उभं करतात. यंदा ती चौदा आहेत.

बोलकोशाचं काम मंडळानं पुन्हा माझ्याकडेच दिलं, सहा महिन्यांसाठी, हंगामी. मॅडम म्हणाल्या, ही चूक जिनं केली तीच आता दुसरी करायला घाबरेल. मी बेचाळीसही फॉर्म नव्यानं भरले, या वेळी कागद बाजूला ठेवून, प्रत्येकीशी गप्पा मारत, भाजी निवडता निवडता. पहिला आईचा. एक पेच मात्र उरला होता. तांदूळ वाढले, असं ऐकल्यावर कानूनं खात्री करून घ्यायची कशी? “संपले का?” असं त्यानं विचारलं, तर जे बायकांना म्हणायचं नाही तेच त्यांच्या कोठीत मोठ्यानं म्हटल्यासारखं होणार. हा पेच आईनंच सोडवला. “शेजारीन काय इचारती? आनखी लागंल का, असं इचारती. तसं इचारायला शिकीव त्याला.” आता कानू तेवढंच विचारतो. बेचाळीस स्वयंपाकघरांत तो माझ्या आईच्या शब्दांत बोलतो, हे मी अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

पदवीचा कागद आला त्या दिवशी मी तो घेऊन थेट शाळेच्या स्वयंपाकघरात गेले. आईनं हात धुऊन, पुसून, मग तो धरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, कुलगुरूंच्या सहीसकट. हेडबाई दारात उभ्या होत्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, “चला, मालनबाई, संपलं एकदाचं पोरीचं शिक्षण.”

आईनं कागदावरून मान वर केली.

“संपलं काय म्हनतासा, बाई? वाढलं म्हना.”

भिंतीवर बारीकसा दिवा लागला. “मावशी,” कानू म्हणाला, “आणखी लागेल का?”

आई माझ्याकडे बघत म्हणाली, “लागंल की.”